टायरमधले सुटे मणी तोल कसा साधतात?

अमेरिकेत खडक-चिखलातून जीप चालवणारे हौशी लोक 35-37 इंची टायर लावतात. एवढ्या मोठ्या टायरचं वजन सगळीकडे सारखं नसतं, मग वेगात स्टिअरिंग थरथरतं. टायरवाला रिमला शिशाची वजनं लावतो खरा, पण खडकांत ती घासून पडतात. म्हणून काहीजण टायरच्या आतच सिरॅमिकचे मणी किंवा खेळण्यातल्या बंदुकीच्या प्लास्टिक गोळ्या सोडतात.

आता मुलं विचारतील, सुटे मणी जड बाजूलाच जाऊन बसले तर? प्रश्न रास्त आहे. ‘फिरताना वस्तू बाहेर फेकली जाते’ एवढ्यावर इथे भागत नाही. चाक स्प्रिंगवर टांगलेलं असतं. वेग कमी असताना जड बाजू बाहेर झुकते आणि मणी खरंच चुकीच्या जागी जातात. पण ठराविक वेगापुढे चाक आपल्या वस्तुमान केंद्राभोवती फिरू पाहतं. तेव्हा जड बाजू आत सरकते, हलकी बाहेर येते, आणि मणी नेमके त्या हलक्या बाजूला जमतात! म्हणूनच हा उपाय सगळ्या वेगांना सारखा लागू पडत नाही. शिवाय आत ओल शिरली की मण्यांचा गोळा होतो, कधी व्हॉल्व्हही तुंबतो.

घरात दाखवायचं असेल तर वरून कपडे टाकायच्या बऱ्याच वॉशिंग मशीनमध्ये टबच्या काठाला जाड कडं असतं. त्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. मण्यांचंच काम ते करतं.