जड फेर्मिऑन वर्तन, संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांतील

काही घन पदार्थांत अतिशय कमी तापमानास संवहन इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाच्या शेकडो पट असल्यासारखे भासते. या आविष्कारास जड फेर्मिऑन वर्तन म्हणतात (फेर्मिऑन म्हणजे फेर्मी–डिरॅक सांख्यिकी पाळणारे, इलेक्ट्रॉनासारखे कण). इलेक्ट्रॉनाचे मूळ वस्तुमान यात बदलत नाही. इतर इलेक्ट्रॉनांशी होणाऱ्या परस्परक्रियेमुळे त्याची हालचाल मंदावते व हा परिणाम वाढीव ‘परिणामी वस्तुमाना’च्या रूपाने व्यक्त होतो.

धातूच्या विशिष्ट उष्णतेतील इलेक्ट्रॉनांचा वाटा कमी तापमानास निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतो. या प्रमाणाचा गुणांक परिणामी वस्तुमानाचा निदर्शक होय. तांब्याच्या बाबतीत तो दर मोलास सु. ०·७ मिलिजूल/के.२ आहे, सिरियम व ॲल्युमिनियम यांच्या एका संयुगात (एकास तीन अणू) तो सु. १,६२० असल्याचे १९७५ मध्ये आढळले. तेथे सिरियमाचे स्थानबद्ध एफ-इलेक्ट्रॉन व संवहन इलेक्ट्रॉन यांच्यातील युग्मन यास कारणीभूत असते.

संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांत डी-इलेक्ट्रॉन महत्त्वाचे असतात. पट्ट सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइड संवाहक असावयास हवे. प्रत्यक्षात ते निरोधक आहे, ही विसंगती १९३७ मध्ये द बूर व फेरवे यांनी निदर्शनास आणली. एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आल्यास त्यांच्यात तीव्र प्रतिसारण होते व त्यामुळे प्रत्येकाची गती इतरांच्या स्थानांवर अवलंबून राहते. यालाच प्रबल सहसंबंध म्हणतात. नेव्हिल मॉट यांनी १९४९ मध्ये या कल्पनेच्या आधारे निरोधक अवस्थेचे स्पष्टीकरण दिले. निरोधक होण्याच्या सीमेवरील धातूत परिणामी वस्तुमान अतिशय वाढते, असे ब्रिंकमन व राइस यांनी १९७० मध्ये दाखविले.

लिथियम व्हॅनेडियम ऑक्साइड (लिथियमाचा एक, व्हॅनेडियमाचे दोन व ऑक्सिजनाचे चार अणू) या स्पिनेल संरचनेच्या संयुगात एफ-इलेक्ट्रॉन मुळीच नसताही १९९७ मध्ये सु. १ के. तापमानास हा गुणांक सु. ४२० आढळला. यातील व्हॅनेडियमाचे अणू कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांवर असल्याने सर्व शेजाऱ्यांची परिवलने परस्परविरुद्ध राहू शकत नाहीत व चुंबकीय क्रम प्रस्थापित होण्यास अडथळा येतो. हा भौमितिक अडथळा, मॉट संक्रमणाचे सान्निध्य आणि काही डी-इलेक्ट्रॉनांची स्थानबद्धता यांपैकी कोणते कारण प्रमुख, यावर मतैक्य झालेले नाही. मात्र जड फेर्मिऑन वर्तनास एफ-इलेक्ट्रॉन अनिवार्य नाहीत, हे या संयुगाने सिद्ध केले.