फॉस्फेटच्या थराची साक्ष

लोखंडी कपाटावर, सायकलच्या सांगाड्यावर किंवा मोटारीच्या दारावर जो तुळतुळीत रंग आपण पाहतो, त्याच्या खाली करड्या वर्णाचा, मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकाच जाड असा स्फटिकांचा एक थर असतो. आणि रंगाचे आयुष्य रंगाच्या प्रतीहून अधिक या अदृश्य थराच्या आरोग्यावर अवलंबून असते, ही गोष्ट रंगाची वाखाणणी करणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ साली या विद्येचे पेटंट घेतले, तेव्हा लोखंडाचा जिन्नस उकळत्या द्रावणात तासन् तास ठेवावा लागे. आज भोसरी, सातपूर, वाळूज येथल्या पावडर कोटिंगच्या लहान कारखान्यांत तेच काम काही मिनिटांत उरकते. तेथे ‘सेव्हन टँक’ या नावाने परिचित असलेली टाक्यांची रांग असते: तेल काढणारी, धुण्याची, गंज काढणाऱ्या आम्लाची, पुन्हा धुण्याची, फॉस्फेटची, तिच्यामागची धुण्याची आणि अखेरची पॅसिव्हेशनची. जेथे बारीक स्फटिक हवे असतात, तेथे फॉस्फेटच्या आधी टायटॅनियमच्या क्षाराची आणखी एक टाकी बसवितात.

थर कसा जन्मतो, हे जाणल्यावाचून त्याच्या व्याधींचा तपास लागत नाही. द्रावणातील मुक्त आम्ल प्रथम लोखंडालाच किंचित कुरतडते. त्या क्रियेत पृष्ठभागालगतचे आम्ल खर्ची पडून आम्लता तेवढ्यापुरती उतरते, आणि इतका वेळ विरघळून राहिलेले जस्ताचे फॉस्फेट त्याच जागी स्फटिकरूपाने लोखंडाला बिलगते. सोडियम नायट्राइट हा वेगवर्धक पृष्ठभागावरच्या हायड्रोजनला हटवितो आणि विरघळलेल्या लोहाचा ऑक्सिडीकरणाने गाळ करून त्याला टाकीच्या तळाशी बसवितो. म्हणजे गाळ हा या प्रक्रियेचा स्वाभाविक अंश आहे. कसूर असते ती त्याच्या बेसुमार वाढीत.

जॉब (टाकीत बुडविलेला जिन्नस) पिवळा पडून बाहेर आला, म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिला हुकूम सुटतो तो फॉस्फेटचे रसायन आणखी ओतण्याचा. माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत महागडी सवय हीच होय. मुक्त आम्ल प्रमाणाबाहेर असेल, तर लोखंड कुरतडले जाते, पण स्फटिक धरत नाहीत, आणि तशात रसायन ओतणे म्हणजे व्याधीलाच अन्न पुरविणे. उलट मुक्त आम्ल फार उतरले, तर फॉस्फेट जॉबवर बसण्याऐवजी द्रावणातच सुटून गाळ होते आणि थरावर बोटाला लागणारी पांढरी भुकटी येते. नायट्राइट कमी पडले, तर लोह द्रावणात साचते, स्फटिक भरड होतात आणि गंजाची झाक दिसते. ते अतिरिक्त झाले, तर गाळ वाढतो आणि थर विरळ, निळसर पडतो. शिवाय गरम आम्लात नायट्राइट आपोआप नाश पावत असल्याने, आदल्या सायंकाळच्या मापावर दुसऱ्या सकाळचे काम सुरू करणे सर्वथैव अनुचित होय.

परंतु निम्म्याहून अधिक फिर्यादींचे मूळ फॉस्फेटच्या टाकीत नसतेच, असे माझे ठाम मत आहे. ठिगळाठिगळांनी थर धरला असेल, तर तेलाच्या टाकीकडे जावे: धुतलेल्या पत्र्यावर पाण्याचा अखंड पडदा न राहता ते तुटून थेंबांत गोळा होत असेल, तर तेल गेलेले नाही, हे कोणत्याही उपकरणावाचून सिद्ध होते. स्फटिक भरड असतील आणि फॉस्फेटची मापे बरोबर असतील, तर गंज काढण्याचे (पिकलिंगचे) आम्ल फार प्रखर आहे, की टायटॅनियमची टाकी जुनी झाली आहे, हे पाहावे. कारण तो क्षार काळाने निष्प्रभ होतो आणि बोअरच्या जड पाण्याने त्याहून लवकर. जोडाच्या सांध्यालगत गंजाचे ओघळ दिसले, तर फटीत अडकलेले आम्ल मागाहून झिरपले, असे समजावे. आणि रंगाखाली महिन्यांनी फोड उठले, तर ते बहुधा अखेरच्या धुण्यातले क्षार होत, जे रंगाच्या पापुद्र्यातून दमट हवेतले पाणी आत ओढून घेतात.

फॉस्फेटच्या टाकीतल्या आम्लाच्या तपासाचे साधन अगदी साधे आहे. टाकीतले दहा मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडून, ब्रोमोफिनॉल ब्ल्यूचा रंग पालटेपर्यंत मुक्त आम्लाचे आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होईपर्यंत एकूण आम्लाचे ‘पॉइंट’ मोजावेत. एकूण आम्लाचे मुक्त आम्लाशी गुणोत्तर उष्ण विधीत लहान आणि कमी तापमानाच्या विधीत पुष्कळ मोठे असते. म्हणून शेजारच्या कारखान्याचा आकडा उसना न घेता आपल्या रसायनाच्या माहितीपत्रकातलाच प्रमाण मानावा. मुक्त आम्ल उतरविण्यासाठी सोडा घालावा लागलाच, तर तो पाण्यात विरघळवून, थोडाथोडा आणि ढवळीत घालावा, अन्यथा जेथे पडेल तेथेच गाळ होतो. तापविणाऱ्या नळ्यांवर चढलेले गाळाचे कवच वेळच्या वेळी काढावे; ते उष्णतेला अडविते, आणि ती भरून काढण्यासाठी नळ्या अधिक तापविल्या, की गाळ आणखी वाढतो.

कारखानदारांना माझी एवढीच विनंती आहे, की ब्युरेट आणि रोजच्या मापांची नोंदवही टाकीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या स्वाधीन करावी, आणि मापे चुकताच लाइन थांबविण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा.