कनवटीची हवा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग कुठल्याही नकाशात वेगळे रंगवलेले नसतात, पण इथल्या माणसाला ते पाठ असतात. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. घाटावरची आणि घाटाखालची बोली वेगळी, जेवणाची चवही थोडी वेगळी. काटे मात्र दोन्हीकडे सारखेच.

शेताच्या कुंपणाला बाभळीचे फास लावायचे दिवस आले, की गाडीतून ओढून नेताना त्यातले निम्मे काटे रस्त्याच्या कडेलाच पडतात. आणि सायकलवाला चालतो तो कडेनेच, कारण मधला रस्ता एस.टी. आणि ट्रकचा. पाऊस ओसरला की सराटा पिकतो. त्याचे फळ असे बेरकी, की कसेही पडले तरी एक काटा वरच. बाभळीचा काटा निदान दिसतो. सराटा टायरमध्ये शिरून मोडतो आणि आत दबा धरून बसतो.

1985 च्या सुमारास मी घाटाखालच्या एका शाखेत शेती कर्जाचे काम पाहत होतो. कर्जाने घेतलेली म्हैस गोठ्यात आहे की नाही आणि तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे की नाही, हे बघायला गावोगाव सायकलनेच जावे लागे. सायकलच्या नळीला पंप अडकवायला दोन खुंट्या असत. पण तिथे पंप ठेवून कुणी कचेरीत शिरले, की बाहेर येईपर्यंत खुंट्या तेवढ्या उरत. म्हणून आमचा शिपाई पंप धोतराच्या कनवटीला खोचून ठेवी. साहेबांच्या फायली कॅरिअरवर उघड्या आणि हवा कनवटीला, हा त्याचा क्रम मला आजही बरोबर वाटतो.

हे सारे आठवायचे कारण, पुण्याहून आलेला नातू. त्याची सायकल म्हणजे शर्यतीच्या जातीची, दोन बोटांनी उचलावी अशी हलकी. तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, पंपाच्या खुंट्या नाहीत. टायर जेमतेम अठ्ठावीस मिलिमीटरचे आणि त्यात हवा नव्वद पौंड! आमच्या काळ्या सायकलीला पन्नासच्या आतबाहेर पुरत असे. त्याला बुलढाण्याहून बोथ्याचा घाट उतरून खामगावमार्गे शेगावला जायचे होते. मधे ज्ञानगंगा अभयारण्य. बिबटे आणि अस्वले तिथली रहिवासी आहेतच. 2019 च्या डिसेंबरात तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ तेराशे किलोमीटरच्या आसपास चालत इथे येऊन पोचला. बिनसामानाचा प्रवासी! त्याचे ठीक आहे. माणसाचे चाक मात्र संध्याकाळी जंगलात बसले, तर तिथे पंक्चरवाला कुठून आणणार?

खामगावला पोचल्यावर तरी काम होईल असे कुणी म्हणेल. दुकाने आहेत, कॉम्प्रेसरही आहेत. पण या नव्या ट्यूबचा वाल बारीक, लांब, टोकाला इवलासा स्क्रू असलेला. मोटारसायकलच्या नळीचे तोंड त्याला बसतच नाही. त्यासाठी चिमूटभर पितळेची एक टोपी मिळते. ती वालावर चढवली की कॉम्प्रेसर चालतो. सायकलवाल्याने खिशात बाकी काही नसले तरी ती टोपी ठेवावी.

पंप घेताना लोक लांबी आणि रंग बघतात. बघायची असते ती नळकांड्याची जाडी. नव्वद पौंड हवेविरुद्ध दोन सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या रेटायला सुमारे वीस किलोचा जोर लागतो. तोच व्यास तीन सेंटिमीटर केला की पंचेचाळीस किलो. म्हणजे जाड पंपाने हवा भराभर जाते, पण शेवटचे वीस पौंड भरायला पहिलवान बोलवावा लागेल. उलट बारीक पंपाने काम मनगटाच्या आवाक्यात राहते, मात्र अडीचशेच्या पुढे ठोसे मोजायची तयारी हवी. ज्या पंपाला हातभर नाही तरी वीतभर रबरी नळी आहे तोच घ्यावा. थेट वालावर दाबून हवा मारली, तर प्रत्येक ठोशागणिक वाल हलतो आणि ट्यूब बुडाशी फाटते. हवा भरताभरता नवे पंक्चर, याला काय म्हणावे?

नातवाने सोडावॉटरवाल्या वायूच्या दोन चिमुकल्या नळ्या आणल्या होत्या. सोळा ग्रॅमची एक नळी, काही सेकंदांत चाक टणक. गंमत खरीच, धातूवर बर्फासारखा गारवा येतो, उघड्या हाताने धरवत नाही. पण तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणजे उद्या पुन्हा भरणे आले. शिवाय नळी दोनदाच उपयोगी, सराटा तिसऱ्यांदाही भेटतो. बँकेतली सवय म्हणा, मोजून संपणाऱ्या शिलकेवर मी घाट उतरणार नाही. नळ्या हव्यात तर न्याव्या, पंपाशिवाय नाही.

उन्हाने ट्यूब फुटते, ही आपल्याकडची पक्की समजूत. टायर पंचवीस अंशांनी तापले, तरी नव्वदचे अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव होतात, एवढेच. बदनाम ऊन होते. खरे जीर्ण टायर फुटते.

आता पिशवी. पाठीवरची सॅक सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात वाईट. घामाने सदरा भिजतो आणि तिचे ओझे अखेर बैठकीलाच जाचते. दूधवाल्यांकडे बघा. कॅन दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ, सारख्या वजनाचे. वजन खाली असावे, हे त्यांना कुणी शिकवले नाही. शर्यतीच्या सायकलला तशी सोय नसते, म्हणून जड वस्तू मधल्या त्रिकोणातल्या पिशवीत आणि हलक्या सीटखाली. हँडलवर जड पिशवी बांधली की उतारावर हँडल आपले ऐकेनासे होते. सीटखालची पिशवी घट्ट आवळावी, नाहीतर ती लोलकासारखी झुलते. सुटी ट्यूब जुन्या मोज्यात घालावी. पान्याशी घासून पिशवीतच भोक पडलेली ट्यूब ऐनवेळी निघाली, की माणूस देव आठवतो. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की वाळते. निघण्यापूर्वी दाबून बघावी. आणि नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवावे. शेगावचा एक म्हातारा पंक्चरवाला म्हणे, "सायब, भोक कोनीबी बुजवते, काटा सापडला पायजे."

आपले आपण निभवायचे, हा नियम फार जुना. 1913 च्या फ्रान्सच्या शर्यतीत ख्रिस्तोफ नावाच्या गड्याचा फोर्क डोंगरात मोडला. सायकल वाहून तो कित्येक किलोमीटर चालला, गावातल्या लोहारशाळेत स्वतः फोर्क सांधला, आणि तरी दंड झाला. का, तर एका पोराने भाता ओढला होता! आपल्याकडेही आज दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये साडेतेरा तास मिळतात, आणि बाहेरची मदत घ्यायची तर ती ठरल्या नाक्यांवरच.

पण हा झाला हौसेचा मामला. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल अशांना. सायकल आली, पंप नाही आला. गावातला सायकलचे पंक्चर काढणारा कधीच मोटारसायकलींकडे वळला. मग चाक बसले की मुलगी घरी बसते. बाजाराच्या दिवशी बाप तालुक्याला जाईल तेव्हा ट्यूब दुरुस्त. ते चार दिवस वर्गात काय शिकवले, याची भरपाई कोण करते? आणि चाराचे आठ झाले की घरात लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. शाळेच्या कपाटात एक जमिनीवरचा दणकट पंप, दोन ट्यूब, पॅचेस आणि सोल्यूशन एवढे ठेवायला फार पैसा लागत नाही. कपाटाची किल्ली मात्र मुख्याध्यापकांकडे नको, नववीतल्या मुलींकडे हवी. पंक्चर काढायला एका दुपारची शिकवणी पुरे, बादलीभर पाणी आणि जुनी ट्यूब असली म्हणजे झाले.

नातवाची पिशवी भरून झाली. पंप, दोन ट्यूब, पॅच, काचकागद, प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, पितळी टोपी. केळ्यांना जागा उरली नाही, ती त्याने सदऱ्याच्या पाठच्या खिशात घातली.