सरासरी पाऊस आणि कोरड्या विहिरी

पाऊस सरासरी गाठतो, तरी मराठवाड्यातल्या अनेक विहिरी उन्हाळ्याआधीच तळ का दाखवतात? हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मग उघडीप लांबते आणि पाऊस आला की कोसळतोच. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. बेसाल्टच्या कातळात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरात. चार दिवसांत बरसलेले पाणी तिथे मुरणार किती? ते माती घेऊन ओढ्याला लागते. ऑगस्टच्या उघडिपीत सोयाबीन करपते, आणि वाचलेले ऑक्टोबरमध्ये काढणीला भिजते.

दुष्काळ १९७२ लाही होता, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले त्याला ऊसच कारण, असा आक्षेप असतो. तो खरा आहे, पण अर्धाच. ऊस भूजल उपसतो आणि बेभरवशाचा पाऊस ते भरून देत नाही. एकाने दुसऱ्याचे नुकसान वाढते. शिवाय कारखान्यामुळे उसाला खरेदीची जेवढी खात्री, तेवढी ज्वारीला किंवा तुरीला नाही. मग शेतकरी उसाकडे वळला, यात नवल ते काय!