विश्लेषण : नर्सिंगची पदवी, पदविका की नुसते ‘सर्टिफिकेट’? फी भरण्याआधी काय तपासायला हवे?

बारावीचा निकाल लागला की पनवेल परिसरात नर्सिंग प्रवेशाच्या जाहिराती दिसू लागतात. कुठे चार वर्षांची पदवी, कुठे तीन वर्षांची पदविका, तर कुठे ‘सहा महिन्यांत रुग्णालयात नोकरी’. सगळीकडे शब्द एकच, नर्सिंग. प्रत्यक्षात यातल्या काही अभ्यासक्रमांनंतर परिचारिका म्हणून नोंदणी होते, काहींनंतर कधीच होत नाही. हा फरक अनेकदा फी भरल्यावर, कधी कधी तर शिक्षण संपल्यावर लक्षात येतो.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या कोन गावाने या पेशाचे महत्त्व जवळून पाहिले आहे. येथील एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांसाठी म्हाडाने २०१६ मध्ये गिरणी कामगारांची सोडत काढली. पुढे करोनाकाळात त्याच इमारतींमध्ये विलगीकरण केंद्र सुरू झाले. आज कोन आणि आसपासच्या गावांतील मुला-मुलींसाठी नर्सिंग हा घरापासून फार लांब न जाता करता येणारा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. मात्र त्यासाठी योग्य दार निवडावे लागते.

नर्सिंगचे अभ्यासक्रम कोणते?

बारावीनंतरचे मुख्य मार्ग तीन आहेत.

एएनएम : दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलींना करता येतो. माता-बाल आरोग्य, लसीकरण, उपकेंद्रातील सेवा यांवर भर. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे.

जीएनएम : तीन वर्षांची पदविका. इंग्रजी विषयासह बारावी आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही करता येते. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश मिळतो.

बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुणांची अट असून राखीव प्रवर्गांना सवलत आहे. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवीत.

जीएनएम केले तर पदवीचा रस्ता बंद होतो का?

नाही. जीएनएम करून नोंदणी झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांची ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ करता येते. म्हणजे पदवी मिळतेच, फक्त चारऐवजी पाच वर्षे लागतात. त्यानंतर एम.एस्सी. करून अध्यापनाकडेही वळता येते.

घरची परिस्थिती बेताची असेल तर जीएनएम करून नोकरी धरायची आणि नंतर पदवी घ्यायची, हा मार्ग अनेकजणी निवडतात. बारावीला विज्ञान नसलेल्यांसाठी तर पदवीकडे जाणारा हाच मार्ग आहे. मात्र विज्ञान शाखा, पुरेसे गुण आणि प्रवेशाची संधी असेल तर थेट पदवी केल्यास एक वर्ष वाचते.

अमेरिकेत दोन वर्षांत नर्स होता येते, मग आपल्याकडे का नाही?

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून हा प्रश्न हमखास येतो. तिथे ‘कम्युनिटी कॉलेज’ ही तुलनेने कमी शुल्काची स्थानिक महाविद्यालये असतात. त्यांत नर्सिंगची साधारण दोन वर्षांची सहपदवी मिळते. ती घेतल्यावर ‘एनक्लेक्स-आरएन’ ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाली की नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येते. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागते. बरेच विद्यार्थी मुख्य अभ्यासक्रमाआधी वेगळे पूर्वतयारीचे विषय करतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन वर्षांहून अधिक काळ जातो.

आपल्याकडे असे दोन वर्षांचे दार नाही. एएनएम दोन वर्षांचे असले तरी ती वेगळी पातळी आहे. अमेरिकेतील या मार्गाशी जवळचे नाते सांगता येईल ते जीएनएमचे : आधी पदविका, नोंदणी, नोकरी आणि मग पदवी.

‘सहा महिन्यांचे नर्सिंग’ म्हणजे काय?

रुग्ण सहायक, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, घरी जाऊन रुग्णांची देखभाल अशा कामांसाठी अल्प मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम असतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, जेवू घालणे हे कष्टाचे आणि गरजेचे काम आहे. ते शिकण्यात काहीही गैर नाही.

पण या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिका पदासाठी अर्ज करता येत नाही आणि परदेशात परिचारिका म्हणूनही जाता येत नाही. त्यामुळे जाहिरात पाहिल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा : ‘हा कोर्स झाल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते का?’ उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे.

मान्यता कशी तपासायची?

तीन ठिकाणी नाव शोधावे.

१. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत संस्था आहे का?

२. पदवीसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का? एएनएम-जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या यादीत नाव आहे का? अभिमत विद्यापीठांच्या महाविद्यालयांना स्वतःच्या विद्यापीठाची पदवी मिळते.

३. राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतील यादीत महाविद्यालय आणि त्याच्या जागा दिसतात का?

यानंतर रुग्णालयाची चौकशी करावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालयासाठी किमान १०० खाटांचे रुग्णालय लागते. नर्सिंग वर्गापेक्षा वॉर्डात जास्त शिकले जाते. २०२१ च्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. रुग्णालय रिकामे असेल तर विद्यार्थी शिकणार कुठे? शक्य असेल तर प्रवेशाआधी एकदा ओपीडीच्या वेळेत जाऊन गर्दी पाहून यावी.

पदवीची सीईटी कशी असते?

बी.एस्सी. नर्सिंगची सामाईक प्रवेश परीक्षा राज्य सीईटी कक्ष घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता या पाच भागांना प्रत्येकी २० गुण, एकूण १०० गुण. अर्जाची मुदत बारावीच्या निकालाच्या बरीच आधी संपते. निकाल पाहून ठरवू म्हणणाऱ्यांचे वर्ष इथेच जाते.

पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग महाविद्यालयासाठी मात्र ‘नीट’ द्यावी लागते.

फी माफी कोणाला, आणि कोणत्या दाराने?

अनेक कुटुंबांसाठी सारे गणित इथेच ठरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो.

मात्र अट महत्त्वाची आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. पनवेलकरांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण कामोठे आणि नेरुळ भागातील नावाजलेल्या काही नर्सिंग महाविद्यालयांची विद्यापीठे अभिमत आहेत. त्यांची प्रवेश प्रक्रिया आणि शुल्क स्वतंत्र असते. म्हणजे घराजवळचे महाविद्यालय महाग आणि लांबचे जवळजवळ मोफत, असेही होऊ शकते. पर्याय भरताना प्रवासखर्च, वसतिगृह आणि शुल्क यांची बेरीज एकत्र करावी.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर ही कागदपत्रे निकालाआधीच काढून ठेवावीत. जात पडताळणीला वेळ लागतो, त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा.

कोनमधून रोज ये-जा जमेल का?

कोनहून पनवेल स्थानक गाठले की हार्बर मार्गावर खांदेश्वर, मानसरोवर, बेलापूर, नेरुळ ही स्थानके आहेत. तासिकांच्या दिवसांत हे जमते. अडचण येते ती वॉर्डातील ड्युटी सुरू झाल्यावर. सकाळची पाळी लवकर सुरू होते, रात्रपाळीही असते. स्थानकापासून गावापर्यंत उशिरा रिक्षा मिळेलच असे नाही. त्यामुळे वसतिगृह आहे का, रात्रपाळीच्या दिवसांत महाविद्यालय राहण्याची सोय करते का, हे पालकांनी आधीच विचारावे. ‘मुलगी रात्री कशी येणार’ या एका चिंतेपायी प्रवेश नाकारण्यापेक्षा हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच सोडवलेला बरा.

शिक्षणानंतर काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्यासाठी जर्मन भाषा शिकावी लागते. देशात सरकारी रुग्णालये, महापालिका, उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी, खासगी रुग्णालये आणि अध्यापन असे पर्याय आहेत.

चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. लहान खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार अनेकदा कमी असतो आणि एका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार येतो. तिथून पुढे चांगल्या ठिकाणी जाता येते, पण त्यासाठी हातात परिषदेची नोंदणी असावी लागते. कामाचा अनुभव कितीही असला, तरी नोंदणीची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी नोंदणी होते का, मग रुग्णालय कसे आहे, मग प्रवेश कोणत्या दाराने. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच फीचा पहिला हप्ता भरावा.