एकेरी मार्गावर गाड्या वाढवून काय होणार?

पनवेल जंक्शनला हार्बर, ठाणे, दिवा, कर्जत आणि रोहा अशा दिशांचे रूळ येऊन मिळतात. पण कोकणातल्या गाड्या वाढवायच्या तर इथे फलाट वाढवून भागत नाही. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे कोकण रेल्वे बहुतांशी एकेरीच आहे आणि समोरची गाडी येऊन जाईपर्यंत स्टेशनात थांबावे लागते. अनेक थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी कामाचे अनेक प्रवाह चालवणारी स्क्रिप्ट रेंगाळते तेव्हाही बऱ्याचदा हेच घडते. आठ थ्रेड एकाच फाइलमध्ये लिहू पाहत असतील, तर एक लिहितो आणि सात ताटकळतात. म्हणून थ्रेड वाढवण्याआधी ते कुठे खोळंबतात हे शोधले पाहिजे.

मग रांग लावणारे लॉकच काढून टाकावे, असे कुणी म्हणेल. पूर्वी एकेरी मार्गावर टोकन हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे. लॉक म्हणजे तेच टोकन. ते नसेल तर काय होते पाहा. खात्यात ५०० रुपये आहेत आणि दोन थ्रेड प्रत्येकी १०० जमा करणार आहेत. दोघेही ५०० वाचतात, दोघेही ६०० लिहितात आणि १०० रुपये गायब होतात. हा घोळ दर वेळी होत नाही, म्हणूनच तो पकडणे कठीण जाते. तेव्हा लॉक ठेवावे, पण ते अडवून धरण्याचा वेळ कमी करावा: प्रत्येक थ्रेडने आपापली बेरीज वेगळी करावी आणि शेवटी एकदाच एकत्र मांडावी.

पायथॉनच्या नेहमीच्या आवृत्तीत एका प्रोसेसमध्ये एका क्षणी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो, म्हणून थ्रेड निरुपयोगी, हा आक्षेपही अर्धाच खरा. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहताना ते उत्तम कामी येतात; जड आकडेमोडीसाठी मात्र वेगळ्या प्रोसेस चालवाव्यात. तरीही मर्यादा राहतेच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कामाचा चौथा हिस्सा एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर जोडले तरी वेग चौपटीपलीकडे जात नाही. म्हणून आधी एका थ्रेडवर उत्तर बरोबर येते का ते पाहावे, मग दोन, चार, आठ थ्रेडना लागणारा वेळ टिपावा. तो कमी व्हायचा थांबला, की एकेरी टप्पा जवळच आहे असे समजून तिथेच मेहनत घ्यावी.