गुणधर्म कोणाच्या नावे मांडावा?

लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण टार्गेट या संज्ञेचा परिचय करून घेतला, आणि सीमेक या बांधणीव्यवस्थेत प्रोग्राम असो की लायब्ररी, जे जे निर्माण व्हावयाचे त्याला नाव देऊन ते दफ्तरी दाखल करावे लागते, एवढ्यावर विषय सोडला होता. नाव दाखल झाल्याने काम भागत नाही. त्या टार्गेटची सोर्स फाइल भाषेच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे कंपाइल व्हावी, हेडर फाइली कोणत्या फोल्डरांत शोधाव्यात, कोणत्या खुणा व्याख्यात समजाव्यात, तयार झालेली फाइल कोणत्या नावाने कोठे ठेवावी, हा सारा तपशील त्या नावापुढे नोंदवावा लागतो. आणि या नोंदींनाच टार्गेटचे गुणधर्म, व्यवहारातील बोलीत प्रॉपर्टीज, म्हणतात.

आपल्याच जिल्ह्यातील एक कल्पित काम उदाहरणासाठी घेऊ. पैठणच्या जायकवाडी धरणातील पाण्याची पातळी दिली असता साठा किती हे सांगणारी ‘साठा’ नावाची एक लायब्ररी आहे. तिच्या आधारे धरणाच्या २७ दरवाजांतून किती पाणी सोडावे लागेल याचा अंदाज करणारा ‘विसर्ग’ हा प्रोग्राम आहे. आणि दोहोंचे गणित पडताळणारा ‘चाचणी’ हा तिसरा. तिघांच्या गरजा भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवावे.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ निर्माण केले, त्या काळापासून कंपायलरला द्यावयाच्या सूचना एखाद्या चलात साठवून त्या सर्वांना लागू करण्याचा शिरस्ता पडला होता. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पुरस्कृत केलेल्या ‘आयटीके’ या प्रतिमा-विश्लेषणाच्या प्रकल्पासाठी, निरनिराळ्या यंत्रप्रणालींवर एकच सोर्स कोड बांधता यावा म्हणून, किटवेअर या कंपनीने २००० सालच्या सुमारास सीमेक रचले, आणि त्यातही आरंभी हीच वहिवाट चालू राहिली: ‘ॲड डेफिनिशन्स’ किंवा ‘इन्क्लूड डिरेक्टरीज’ ही आज्ञा फोल्डरात एकदा लिहिली की तिचा अंमल त्या फोल्डरावर आणि तेथून पुढे जोडल्या जाणाऱ्या पोटफोल्डरांवर सरसकट सुरू होई. २०१३ सालच्या २.८.११ आणि २.८.१२ या आवृत्त्यांत टार्गेटच्या नावे व्याख्या, हेडरचे मार्ग आणि कंपायलरच्या सूचना मांडण्याच्या स्वतंत्र आज्ञा आल्या, आणि जाणत्या मंडळींचा कल पालटला.

आमच्या शहराची १६१० साली खडकी या नावाने उभारणी करणाऱ्या मलिक अंबराने निजामशाहीत इजाऱ्याची पद्धत मोडून काढली, आणि अनेक हंगामांचा अनुभव व प्रत्यक्ष लागवड पाहून गावांची जमाबंदी ठरविली, असे इतिहासकार नमूद करतात. परगण्यावर एकदम आकार बसविण्यापेक्षा गावनिहाय नोंद ठेवणे अधिक कष्टाचे असले, तरी कोणाकडे काय येणे आहे याविषयी संशय उरत नाही. आणि टार्गेटनिहाय गुणधर्म मांडणे हे त्याच जातीचे काम होय.

यासाठीची मूळ आज्ञा ‘सेट टार्गेट प्रॉपर्टीज’ ही. प्रत्यक्ष लिहिताना या शब्दांमध्ये अधोरेषा असतात. प्रथम टार्गेटचे नाव, किंवा एकाहून अधिक नावे, मग ‘प्रॉपर्टीज’ हा शब्द, आणि त्यानंतर गुणधर्म व त्याचे मूल्य अशा जोड्या ओळीने येतात. ‘साठा’ला सी प्लस प्लसची १७ ही आवृत्ती हवी असेल, तर ‘सीएक्सएक्स स्टँडर्ड’ या गुणधर्मापुढे १७ लिहावे. परंतु तेवढ्याने स्वस्थ राहू नये, कारण कंपायलर जुना असल्यास सीमेक अवाक्षर न काढता खालच्या आवृत्तीवर उतरते, आणि तसे होऊ द्यावयाचे नसेल तर ‘सीएक्सएक्स स्टँडर्ड रिक्वायर्ड’ हा दुसरा गुणधर्मही चालू करावा लागतो.

या आज्ञेची एक खोड नवशिक्यांना फार छळते. ती पूर्वीच्या मूल्यात भर घालीत नाही, पूर्वीचे मूल्य पुसून नवे लिहिते. ‘साठा’च्या व्याख्यांच्या गुणधर्मात सकाळी एक खूण मांडली आणि सायंकाळी त्याच गुणधर्मावर दुसरी मांडली, तर सकाळची नोंद नाहीशी होते, आणि तिच्या जाण्याची वर्दी कोणीही देत नाही. भर घालावयाची असेल तर ‘सेट प्रॉपर्टी’ ही आज्ञा ‘अपेंड’ या शब्दासह वापरावी. त्याचप्रमाणे गुणधर्माच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी सीमेक तक्रार करीत नाही, कारण वाटेल त्या नावाचा गुणधर्म निर्माण करण्याची मुभा त्याने दिली आहे. चुकीच्या नावाची ती नोंद बिनतक्रार दाखल होते आणि तिचा उपयोग कोणालाच होत नाही. ही मुभा इतकी सढळ ठेवावयास नको होती, असे माझे मत आहे.

आता ज्या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे असा मुद्दा. पाटबंधारे खात्याच्या कागदांत साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत, लिहिला जातो, आणि वर्तमानपत्रांत तो टीएमसीत वाचावयास मिळतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, आणि जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे २९०९ दलघमी, अर्थात १०२ टीएमसीच्या वर. समजा, ‘साठा’च्या हेडर फाइलीत अशी तजवीज आहे की ‘दलघमी’ ही खूण व्याख्यात असेल तर धरणाची क्षमता २९०९ धरावी, नसेल तर १०२.७, आणि लायब्ररीच्या अंतर्गत गणितालाही तीच खूण लागू आहे. ही खूण ‘टार्गेट कंपाइल डेफिनिशन्स’ या आज्ञेने ‘साठा’ला देताना ‘प्रायव्हेट’ हा शब्द लिहिला, तर ती केवळ लायब्ररीच्या स्वतःच्या बांधणीपुरती राहते. ‘विसर्ग’ तेच हेडर वाचतो, पण खुणेशिवाय. त्यामुळे लायब्ररी दलघमीत उत्तर देते आणि प्रोग्राम ते टीएमसी समजून वाचतो. कंपायलरला यात दोष दिसत नाही, फंक्शनांची नावे जुळत असल्यामुळे लिंकरही मौन पाळतो, आणि जेमतेम एकतृतीयांश भरलेले धरण पडद्यावर नऊपटींहून अधिक भरलेले दिसू लागते.

येथे ‘पब्लिक’ हा शब्द हवा होता. त्या एका शब्दाने खूण दोन गुणधर्मांत नोंदवली जाते: ‘कंपाइल डेफिनिशन्स’ या स्वतःच्या बांधणीच्या गुणधर्मात, आणि ‘इंटरफेस कंपाइल डेफिनिशन्स’ या लायब्ररी वापरणाऱ्यांकडे पोचणाऱ्या गुणधर्मात. ‘विसर्ग’ आणि ‘चाचणी’ यांनी ‘टार्गेट लिंक लायब्ररीज’ने ‘साठा’शी संबंध जोडला की ही दुसरी नोंद त्यांना आपोआप लागू होते, त्यांच्या मालकाला ‘दलघमी’ नावाची खूण अस्तित्वात आहे हे ठाऊक असण्याचेही कारण उरत नाही. ‘इंटरफेस’ हा तिसरा शब्द केवळ दुसरी नोंद करतो, आणि जिच्यात हेडरखेरीज काहीच नाही अशा लायब्ररीला तोच योग्य. हेडरमध्ये जे दिसते ते पब्लिक, सोर्स फाइलीत जे लपते ते प्रायव्हेट, एवढी कसोटी बहुतेक प्रसंगी पुरते.

कोणी म्हणेल, की मग खूण फोल्डरालाच सरसकट द्यावी आणि मोकळे व्हावे. एकाच फोल्डराच्या छोट्या कामात ते निभावते, हे मान्य. परंतु वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत यंत्रांच्या नियंत्रकांसाठी जे सॉफ्टवेअर लागते, तशा प्रकारच्या कामात तेच गणित टेबलावरील संगणकावर चाचणीसाठी आणि इवल्या मायक्रोकंट्रोलरवर प्रत्यक्ष वापरासाठी बांधावे लागते. चाचणीला तपासणीच्या अवजड सूचना हव्या असतात, आणि नियंत्रकाच्या तुटपुंज्या मेमरीला त्या परवडत नाहीत. तेथे सरसकट हुकूम म्हणजे एकाच्या सोयीसाठी दुसऱ्यावर जुलूम.

सरसकट चल वापरण्याची एक सभ्य रीतही आहे. ‘सीमेक सीएक्सएक्स स्टँडर्ड’ या चलाचे मूल्य आरंभीच ठरविले, तर त्यानंतर निर्माण होणाऱ्या प्रत्येक टार्गेटच्या संबंधित गुणधर्मात ते प्रारंभिक मूल्य म्हणून उतरते, आणि एखाद्याला वेगळे हवे असल्यास त्याच्या नावे फेरफार करता येतो. मात्र मूल्याची ही नक्कल टार्गेट जन्मते त्याच क्षणी होते. टार्गेट घोषित करून खाली चल लिहिले, तर ते लिहिणे त्या टार्गेटपुरते व्यर्थ.

वाचकांनी आपल्या एखाद्या प्रकल्पात ‘सीमेक एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स’ हे चल चालू करून पाहावे, अशी विनंती आहे. बांधणीच्या फोल्डरात एक जेसन फाइल तयार होते, आणि कोणती सोर्स फाइल नेमक्या कोणत्या सूचनांनिशी कंपाइल होणार हे तीत ओळीने लिहिलेले असते. ‘दलघमी’सारखी खूण कोठवर पोचली आणि कोठे अडली, हे त्या ओळींवरून तत्काळ कळते. मेक आणि निंजा यांच्यासाठी बांधणी करतानाच ही सोय मिळते, व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रकल्पांत मिळत नाही. पुढील आठवड्यात आयात केलेल्या टार्गेटांचा विचार करू.